उजव्या टोकाचा वर्लिन

वर्लिन क्रॅबट्रीने बंदुकीवर बसवायची तिसरी दुर्बीण डेंटनच्या काउंटरवर आपटली नाही, हळूच ठेवली. वर्लिन आपटतो तेव्हा काळजीचं कारण नसतं, हळूच ठेवतो तेव्हा असतं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. शेगडीपाशी कॉफी पीत बसलेले दोघंजण आपापले पेले उचलून गळांच्या मांडणीकडे सरकले आणि जन्मात गळ पाहिले नसल्यासारखे ते न्याहाळू लागले.

“हीसुद्धा नासकी निघाली,” वर्लिन म्हणाला.

डेंटन मॅकस्वेनच्या दुकानात बंदुका, काडतुसं, मासे धरायचे गळ आणि हरणाच्या शिकारीचे परवाने विकत मिळत, आणि कॉफी व अफवा फुकट. डेंटनने चष्मा कपाळावर चढवला. “हिला काय झालं आता?”

“ठिपका कुठाय हिच्यात? तू म्हणालास, काचेत लाल ठिपका दिसेल, तो लक्ष्यावर ठेवायचा आणि चाप ओढायचा. पहिलीत मला स्वल्पविराम दिसला. दुसरीत फुटका टोमॅटो. आणि हिच्यात द्राक्षांचा घड लोंबतोय. दुकान बंदुकांचं आहे का भाजीचं?”

आता अमेरिकेतल्या ओझार्कच्या त्या डोंगरात अशी चूक करणारा वर्लिन पहिला नव्हता. बंदुकीच्या बाबतीत तिकडच्या माणसाचा एक पक्का समज असतो. नेम चुकला तर वारा होता, वारा नसेल तर काडतूस ओलं होतं, काडतूस कोरडं असेल तर दुर्बीण नासकी. डोळा नासका असू शकतो हे त्या यादीत कुठेच नसतं. त्यातून वर्लिनचा डोळा म्हणजे काय विचारता. तरुणपणी त्याने पैजेवर चर्चच्या छपरावरच्या, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या लोखंडी कोंबड्याच्या डोळ्यातून गोळी आरपार घालवली होती. पाद्रीबाबांनी पुढच्या रविवारी त्यावर अख्खं प्रवचन दिलं, पण कोंबडा काही बदलला नाही. वारा सुटला की त्या भोकातून शीळ वाजते, आणि शीळ वाजली की म्हातारे लोक म्हणतात, वर्लिन बोलतोय.

तर असा हा डोळा. आणि लाल ठिपक्याच्या वाऱ्यालाही न उभा राहणारा वर्लिन तीन-तीन ठिपके घेऊन का हिंडत होता, तर त्याला कारण त्याचा भाचा ट्रॅव्हिस.

त्यांचा एक नेमबाजीचा क्लब होता. अ‍ॅशलॉक नावाचे जुने शाळामास्तर लढाईवरून परत आले तेव्हा त्यांनी तो काढला. मास्तरांना स्पार्टाच्या योद्ध्यांचं वेड. इराणच्या बादशहाने निरोप धाडला की शस्त्रं खाली ठेवा, तेव्हा स्पार्टाच्या राजाने उलट निरोप धाडला, ‘या आणि घेऊन जा’. ही गोष्ट मास्तर गणिताच्या तासालासुद्धा सांगत. पण मास्तरांचं वेड नुसत्या त्या एका वाक्याचं नव्हतं. ते म्हणायचे, “पोरांनो, शिरस्त्राण आपल्यासाठी असतं, चिलखत आपल्यासाठी असतं. ढाल मात्र डावीकडच्या शेजाऱ्यासाठी असते.” म्हणून क्लबाची रीतच त्यांनी तशी घातली. दरवर्षी वसंतात शेजारच्या सीडर हॉलोच्या क्लबाशी सामना. चौघांची रांग, प्रत्येकाला पाच काडतुसं, आणि प्रत्येकासमोर लांबवर आकड्याला लटकवलेला ट्रॅक्टरच्या नांगराचा एक गोल तवा. गोळी नीट मधोमध बसली तर तवा आकड्यावरून खाली पडतो, काठाला लागली तर नुसता टणटणत गिरक्या घेतो. ज्याचा तवा पडला त्याने उरलेली काडतुसं फक्त डावीकडच्या शेजाऱ्याच्या तव्यावर खर्च करायची. ज्या क्लबाचे चारही तवे आधी पडले तो जिंकला. सामना हरला तरी चालेल, पण आपल्या रांगेतला एकही तवा लटकत राहता कामा नये. तवा लटकत ठेवून येणं म्हणजे ढाल टाकून पळणं.

आणि रांगेत उजव्या टोकाला जो उभा राहतो त्याला झाकायला उजवीकडे कुणीच नसतं. म्हणून ती जागा सगळ्यात खमक्या माणसाची. मास्तर गेल्यापासून ती वर्लिनची होती. दुधाचा टँकर चालवत होता तेव्हाही, आणि टँकर सोडून घरी बसला तेव्हाही.

मास्तरांच्या मागून क्लब ट्रॅव्हिसच्या हाती आला. पोरगा मनाचा चांगला, पण त्याला वाक्याचं वेड जास्त. त्याने टपालाने पितळी रंगाचं, वर तुरा असलेलं एक शिरस्त्राण मागवून क्लबात आणलं. पहिल्याच दिवशी प्रत्येकाने घालून पाहिलं, आणि जाडजूड हॉबर्टचं डोकं त्यात जे अडकलं ते निघेना. शेवटी डुकराच्या चरबीचा अख्खा डबा ओतला तेव्हा कुठे हॉबर्ट बाहेर आला, आणि पुढे दोन दिवस गावातली कुत्री त्याच्या मागे मागे हिंडत होती. ट्रॅव्हिसने तेच शिरस्त्राण दंडावर गोंदवलं. त्याची आई, म्हणजे वर्लिनची बहीण, तेव्हा जिवंत होती. तिने नीट पाहून विचारलं, “कोंबडा छान आहे रे, पण त्याला तोंड का नाही?” त्याच्या गाडीच्या मागच्या काचेवरही तेच शिरस्त्राण, आणि खाली हातभर अक्षरांत ‘या आणि घेऊन जा’.

तर गेल्या हिवाळ्यात सरावाला वर्लिनचा तवा लटकत राहिला. तो म्हणाला, वारा होता. पुन्हा लटकला. तो म्हणाला, काडतूस. मग बैठकीत ट्रॅव्हिस उठून म्हणाला की सीडर हॉलोवाले सगळे आता लाल ठिपके लावून येतात, आपणही लावू. आणि मग, खाली बघत, “मामा, तुम्ही या वर्षी खुर्चीत बसा. आम्हाला वारा सांगा. नाहीतरी तुमच्याइतका वारा कुणाला कळतो.”

“खुर्चीत?” वर्लिन म्हणाला.

“मानाची खुर्ची, मामा.”

“दफनाच्या आधी मृताला ठेवतात तीसुद्धा मानाचीच पेटी असते.” असं म्हणून वर्लिनने टोपी घातली. “ठिपका लावायचा ना? लावतो. पण उजव्या टोकाला मीच उभा राहणार.”

म्हणून ते तीन ठिपके. आणि म्हणून तो स्वल्पविराम, टोमॅटो आणि द्राक्षं.

डेंटनने तिसरी दुर्बीण उचलली, दाराकडे रोखून स्वतः पाहिली. मग त्याने खिशातून मोबाइल काढला, काचेमागे धरला आणि फोटो काढला. फोटो वर्लिनसमोर धरला. फोटोत ठिपका होता. कुंकवाच्या टिकलीसारखा गोल, नीटस, एकटा.

वर्लिनने बराच वेळ पाहिलं.

“मोबाइलला द्राक्षं दिसत नाहीत, वर्लिन,” डेंटन हळू आवाजात म्हणाला. “पहिल्या दोन्हीही मी तपासल्या होत्या. तुला कसं सांगावं ते कळेना.”

गळ पाहणारे दोघं आता खरोखरच गळ पाहू लागले होते. वर्लिनने दुर्बीण खोक्यात घातली, झाकण लावलं, खोकं काउंटरवरच ठेवलं, आणि उंबऱ्याला ठेच लागणार नाही अशा बेताने, पाय उचलून, बाहेर पडला. हा पाय उचलण्याचा बेत तो बरेच महिने करत होता. डेंटनच्या ते आज लक्षात आलं.

घरी ओपलने विचारलं, “बदलून दिली का?”

“दिली नाही.”

“मग?”

“डोळा बदलून आण म्हणाला.”

ओपल त्याची बायको. चाळीस वर्षं शाळेच्या खानावळीत तिने साऱ्या गावच्या पोरांना वाढलं, तेव्हा कोण किती खोटं बोलतंय हे तिला ताटावरून कळायचं. गेलं वर्षभर नवरा दुधात मीठ घालतोय, फोनचे आकडे चुकवतोय, रात्री गाडी काढायला टाळाटाळ करतोय, हे तिने पाहिलं होतं. डॉक्टरचं नाव काढलं की तो अंगावर यायचा. आज आला नाही. खुर्चीत बसून राहिला. तेव्हा तिला खरी भीती वाटली.

तिने घेवड्याच्या शेंगा उकळायला ठेवल्या आणि पाठमोरीच म्हणाली, “तुमच्या त्या स्पार्टावाल्यांतही दोघांचे डोळे गेले होते, ठाऊक आहे का?”

“कुणी सांगितलं?”

“ग्रंथालयात वाचलं. तुम्ही सगळे त्यांची टोपी गाड्यांवर चिकटवून हिंडता, म्हटलं बघावं तरी कोण लोक होते. त्या खिंडीतल्या लढाईच्या आधी दोघांचे डोळे आले. इतके की राजाने दोघांनाही छावणीबाहेर पाठवून दिलं. मग बातमी आली की शत्रूने मागून वेढा घातला. आता संपलंच सगळं. तेव्हा त्यातला एक घरी गेला.”

“मग? बरोबर केलं. दिसत नसेल तर काय करणार.”

“घरी गेल्यावर त्याच्याशी कुणी बोलेना. चूल पेटवायला कुणी विस्तव देईना. त्याला म्हणायचे, थरथऱ्या.”

वर्लिनने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाला, “आणि दुसरा?”

“दुसऱ्याने नोकराला सांगितलं, माझं चिलखत आण आणि माझा हात धर. मला रांगेपर्यंत नेऊन सोड.”

“मेला असेल.”

“मेला. पण तुला कुणी मरायला सांगत नाही. तुला फक्त नांगराचा तवा वाजवायचाय.”

“आणि माझा हात धरून कोण नेणार? तू?”

“मी कुणाची नोकर नाही,” ओपल म्हणाली आणि शेंगा चाळणीत ओतल्या. वाफ गेली तशी शेंगा तिने भांड्यात घेतल्या आणि चाळणी टेबलावर ठेवली.

आता माणूस फार दुःखात असला की एकतर रडतो नाहीतर चेष्टा करतो. वर्लिनला रडता येत नव्हतं. त्याने ती ओली चाळणी उचलली, शिरस्त्राणासारखी तोंडावर धरली आणि आवाज घोगरा करून म्हणाला, “या बादशहा. या आणि घेऊन जा. शेंगा शिजल्यात.”

ओपल हसली नाही. पण वर्लिनही पुढे काही बोलेना. चाळणी तोंडावर धरून तो तसाच बसला, आणि कानशिलावरून पाणी गळत राहिलं.

“आता काय झालं?”

“ओपल,” चाळणीमागून आवाज आला, “भिंतीवरच्या त्या खताच्या दुकानाच्या कॅलेंडरवर खाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय?”

“मला काय माहीत. मी कधी वाचलं नाही.”

“‘रविवारी दुकान बंद.’ तसं लिहिलंय. मी वाचतोय.” त्याने चाळणी खाली घेतली. “आता कॅलेंडरच दिसत नाही.” पुन्हा वर धरली. “आता खिळासुद्धा दिसतो.”

त्या रात्री ते दोघं चाळणी घेऊन घरभर हिंडले. दरवेळी एकाच भोकातून पाहायचं, तर सगळं रेखीव. भोक काढलं की सगळं पुन्हा दह्यात बुडालेलं. बारीक भोकातून उजेड सरळ येतो, डोळ्याला फार करामत करावी लागत नाही, एवढंच काय ते शास्त्र. पण वर्लिनला त्या क्षणी शास्त्राची गरज नव्हती. त्याला विजेच्या तारेला गुंडाळतात ती काळी चिकटपट्टी हवी होती. ती चष्म्याच्या उजव्या काचेवर लावली, ओपलने तिच्या सर्वात बारीक सुईने मधोमध भोक पाडलं, आणि वर्लिनने भिंतीवरून आपली जुनी रायफल उतरवली. तिच्यावर ना काच ना ठिपका. डोळ्याजवळ खाच, नळीच्या टोकाला माशी, बस.

रिकाम्या रायफलीचा नेम त्याने खिडकीबाहेरच्या खांबावर धरला. वर्षभर ती माशी त्याला कापसाच्या बोंडासारखी दिसत होती. आता ती काळ्या खिळ्यासारखी सरळ उभी होती.

“आलीस का गं परत,” तो माशीला म्हणाला. ओपलला वाटलं तिलाच म्हणाला, आणि तिने तसंच समजून घेतलं.

पुढच्या रविवारी प्रार्थना आटोपून सगळे क्लबाच्या माळावर जमले, तेव्हा वर्लिन ती पट्टी लावलेला चष्मा घालून उजव्या टोकाला जाऊन उभा राहिला. मग हॉबर्ट म्हणाला, “डोळ्यावर पट्टी चाच्यांची असते. स्पार्टा सोडलं का आपण?”

ट्रॅव्हिस पुढे आला. “मामा, ठिपका लावायचं ठरलं होतं आपलं.”

“ठिपका मला दिसत नाही. डोळ्याचा दोष आहे, दुर्बिणीचा नाही. हे मी चारचौघांत सांगतो, डेंटनने सांगायच्या आत. पण माशी दिसते आणि तवा दिसतो. म्हणून मी इथे उभा आहे.”

“एक डोळा झाकून? मामा, खेळ नाही हा. तुम्हाला समोरचं नीट दिसलं नाही आणि कुणी मधे आलं तर?”

हे मात्र पोरगं बरोबर बोललं, आणि वर्लिननेही ते मानलं. “त्यासाठी डावा डोळा उघडाच आहे, आणि तोही पुरणार नाही. म्हणून ओपल मागे उभी राहून मैदान बघेल आणि ‘मोकळं’ म्हणेल. ती म्हणेपर्यंत बोट चापावर जाणार नाही. तिचा डोळा गरुडाचा आहे, चाळीस वर्षं तुम्ही पोरं ताटाखाली भाज्या लपवायचात त्या तिने शोधल्यात. आणि माझी परीक्षा घ्यायची तर घे. जा, तव्यावर खडूने काहीतरी काढ, मी इथून सांगतो. चुकलो तर रायफल तुझ्या हातात देईन आणि खुर्चीत बसेन.”

ट्रॅव्हिस चालत गेला, काहीतरी काढून परत आला. वर्लिनने पट्टीच्या भोकातून पाहिलं. दोनशे पावलांवरचा तवा, त्यावर खडू.

“तोंड नसलेला कोंबडा,” तो म्हणाला.

रांगेत हशा पिकला. ट्रॅव्हिसने शिरस्त्राणच काढलं होतं. त्याचे कान लाल झाले. “तरी पण मामा, एकट्यासाठी नियम—”

“तुझ्या गाडीवर काय लिहिलंय, ट्रॅव्हिस?”

ट्रॅव्हिसने मान वळवून गाडीकडे पाहिलं.

“मोठ्याने वाच ना. मला इतक्या लांबून दिसत नाही.”

“या आणि घेऊन जा,” ट्रॅव्हिस पुटपुटला.

“हं. मग ही जागा. ये आणि घेऊन जा.”

ओपल मागून म्हणाली, “मोकळं.” वर्लिनने नेम धरला आणि तव्यावरचा कोंबडा तव्यासकट खाली गेला.

ट्रॅव्हिसने जागा घेतली नाही. पण तो पुटपुटत राहिला, आणि शेवटी स्वतःसाठी डेंटनकडून सगळ्यात महागडी दुर्बीण घेऊन आला. तिला बटणसुद्धा नव्हतं. उजेड पाहून तिचा ठिपका आपोआप तेजाळायचा, आपोआप मंदावायचा. डेंटन म्हणाला होता, “ट्रॅव्हिस, बटण असलेली घे, बाबा.” पण त्याने दुकानात बघितली, स्वतःच्या माळावर उन्हात बघितली, आणि झकास दिसली. सामना मात्र त्या वर्षी सीडर हॉलोच्या मैदानावर होता. तिथे नेमबाजांच्या डोक्यावर पत्र्याचं छप्पर होतं.

सामन्याच्या दिवशी गाडी ओपलने चालवली. मैदानाच्या वाटेवर खडी टाकली होती, खाचखळगे होते. वर्लिन दोनदा अडखळला. तिसऱ्यांदा अडखळायच्या आत ओपलने त्याचा कोपर धरला.

“लोक बघतायत,” तो म्हणाला.

“बघू देत. रांगेपर्यंत सोडते. आणि नोकर म्हणालास तर खड्ड्यात सोडेन.”

सीडर हॉलोवाले खरंच चपळ होते. शिट्टी वाजली आणि त्यांचे तवे पिकलेल्या पेरूंसारखे पटापट पडू लागले. वर्लिनच्या रांगेत सर्वांत डावीकडे हॉबर्ट, मग नव्याने आलेला एक मेकॅनिक, मग ट्रॅव्हिस, आणि उजव्या टोकाला वर्लिन. हॉबर्टने आपला तवा पाडला. मेकॅनिकनेही पाडला. वर्लिन मात्र आपल्या चालीनेच चालला होता. ओपलचं ‘मोकळं’, मग श्वास, मग माशी, मग चाप. पहिली गोळी बाजूने गेली. दुसरी काठाला लागून तवा टणटणला. तोवर शेजारच्या रांगेतून आरोळी उठली, सीडर हॉलोचे चारही तवे खाली. सामना संपला होता. ते लोक रायफली ठेवून गोड चहाच्या पिंपाकडे निघालेसुद्धा.

वर्लिनच्या तिसऱ्या गोळीला त्याचा तवा पडला. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की डावीकडून बराच वेळ आवाज नाही.

ट्रॅव्हिस रायफल छातीशी धरून उभा होता. चार गोळ्या त्याने घालवल्या होत्या आणि त्याचा तवा उन्हात चकाकत तसाच लटकत होता.

“काय रे?” वर्लिनने न वळता विचारलं.

“ठिपका गेला, मामा.” पोराचा आवाज पार बसला होता. “छपराखाली अंधार आहे ना. दुर्बिणीला वाटतंय संध्याकाळ झाली, तिने ठिपका मंद केलाय. आणि समोर तर लखलखीत ऊन. काही दिसत नाही. चारही अंदाजाने मारल्या.”

“पाचवी?”

ट्रॅव्हिसने पाचवं काडतूस बाहेर काढलं आणि लाकडी फळीवर ठेवलं. “जे दिसत नाही त्यावर मारणार नाही. तुम्हाला तेच म्हणालो होतो, मग स्वतःला कसं नाही म्हणणार.”

वर्लिनला पोरगा त्या क्षणी जितका आवडला तितका बहिणीने पहिल्यांदा मांडीवर दिला तेव्हाही आवडला नव्हता.

“सामना गेलाय, वर्लिन,” हॉबर्ट पलीकडून म्हणाला. “त्यांचा चहासुद्धा संपत आला.”

“सामना गेलाय,” वर्लिन म्हणाला. “तवा गेला नाही.”

त्याने पाय जरासे डावीकडे वळवले. छपराखालच्या सावलीत त्याची माशी काळी कुळकुळीत झाली होती आणि पलीकडे तवा पांढरा. काळ्यावर पांढरं. माशीला बटण नसतं, दिवा नसतो, संध्याकाळ कधी झाली याचं मत नसतं.

“मोकळं,” ओपल म्हणाली.

चौथी गोळी काठाला बसली. तव्याने अशी गिरकी घेतली की आकडा करकरला, आणि तवा हळूहळू स्थिर होऊन पुन्हा जागच्या जागी लटकला. चहापाशी गेलेले सीडर हॉलोवाले पेले हातात घेऊन परत आले होते. एक काडतूस उरलं होतं.

वर्लिनने चष्मा काढला, भोकावरचा घाम शर्टाने टिपला, चष्मा पुन्हा घातला. हे सगळं इतक्या सावकाश की त्यांच्यातला एक तरुण पोरगा म्हणाला, “आजोबा, आमच्याकडे रात्रीचं जेवण सहाला असतं.”

“मग ताट वाढून ठेव,” वर्लिन म्हणाला.

“मोकळं,” ओपल म्हणाली.

तवा आवाज न करता पडला. टणकन आवाज क्षणभराने पोचला, आणि त्यामागून सीडर हॉलोवाल्यांच्या टाळ्या. त्यांच्या क्लबातही जुने लोक होते, आणि त्या जुन्या लोकांनी टोप्या काढल्या.

नंतर कॅटफिश मासे तळले, मक्याचा पाव आला, आणि हॉबर्टने तोंडात घास असताना म्हणायला नको ते म्हटलं. “म्हाताऱ्याने जरा हात चालवला असता तर जिंकलो असतो.”

ट्रॅव्हिसने आपलं ताट खाली ठेवलं. “हॉबर्ट, म्हाताऱ्याने घाईने हात चालवला असता तर पाचही गोळ्या हुकल्या असत्या, आणि माझा तवा तिथेच लटकत असता. तुला नुसतं जिंकायचंय का क्लबातल्या मास्तरांच्या फोटोखाली मान वर करून उभं राहायचंय?” हॉबर्टने आणखी एक कॅटफिश घेतला आणि विषय संपला.

निघताना ट्रॅव्हिस आपला तवा काखोटीला मारून मामाच्या गाडीपाशी आला. तो त्याने गाडीच्या मागच्या बाजूला ठेवला. रीत अशी की ज्याचा तवा शेजाऱ्याने पाडला त्याने तो शेजाऱ्याच्या घरी पोचता करायचा.

“मामा, पुढच्या वर्षी...” तो घुटमळला.

“बोल की.”

“पुढच्या वर्षी उजव्या टोकाची जागा मी मागितली तर?”

“मागून मिळत नाही ती.” वर्लिनने गाडीचं दार ओढून घेतलं. “कशी मिळते ते तुझ्याच काचेवर लिहिलंय.”

ओपलने गाडी सुरू केली. मैलभर गेल्यावर ती म्हणाली, “आता डॉक्टर.”

“आता डॉक्टर,” वर्लिन म्हणाला. तिला इतका धक्का बसला की ब्रेकच लागला.

“तो स्पार्टावाला डोळ्यांमुळे न लढताच घरी गेला, तसं नको म्हणून मी आधी लढलो,” तो म्हणाला. “आता लढून झालंय. आता डोळ्यांसाठी घरी गेलो तर मला कुणी थरथऱ्या म्हणायचं नाही. म्हणालं तर तू आहेसच.”

उन्हाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन झालं. आधी उजवा, मग डावा. मोतीबिंदू निघाला, नवं भिंग बसलं, आणि ओपलच्या चेहऱ्यावर एवढ्या सुरकुत्या कधी पडल्या असं त्याने विचारलं तेव्हा तिने त्याला दोन दिवस शेंगा वाढल्या नाहीत. ट्रॅव्हिसचा तवा आता त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराबाहेर टांगलेला आहे. जेवायला बोलवायचं असलं की ओपल त्याच्यावर पळी मारते आणि तीन डोंगर पलीकडची कुत्री भुंकतात.

पुढच्या वसंतात वर्लिन पुन्हा डेंटनच्या दुकानात गेला. शेगडीपाशी तेच दोघं बसले होते. डेंटनने न बोलता ती तिसरी दुर्बीण खोक्यातून काढून त्याच्यापुढे ठेवली. वर्लिनने ती दाराकडे रोखून धरली आणि बराच वेळ पाहिलं.

“गोल आहे,” तो म्हणाला. “छान आहे. एकदम छान आहे.”

“मग बांधून देऊ?”

“नको.” त्याने दुर्बीण आपटली नाही, हळूही ठेवली नाही, नुसती ठेवली. “माझी माशीच बरी. काळी चिकटपट्टी आहे का? माझी संपलीय.”